दिवस आखूड होतात तेव्हा घरातली संध्याकाळ

एका आईचा प्रश्न आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगा ६ वर्षांचा, मुलगी १३ वर्षांची. त्या लिहितात की उन्हाळ्यात घर छान चाललेलं असतं, पण शरद लागला की सगळं विस्कटतं. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो आणि मग चौघं चार कोपऱ्यांत. या वर्षी त्यांनी एक रविवार मुद्दाम मोकळा ठेवला, सगळ्यांना घेऊन गळलेली पानं गोळा करायला गेल्या आणि तासाभरात भांडून परत आल्या. ‘बाकीच्या घरांना या दिवसांत एवढा आनंद कुठून मिळतो? आम्ही नक्की काय करायला हवं?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी २३ वर्षं कुटुंबांचं समुपदेशन करते आहे. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारी घरं वर्षाच्या एका ठरावीक काळात येतात, दिवस लहान व्हायला लागून महिना-दीड महिना झाला की. ‘आमच्यात काहीतरी बिघडलंय’ असं म्हणत येतात. थोडं खोलात जाऊन विचारलं की बहुतेक वेळा दिसतं, माणसं तीच आहेत, माया तेवढीच आहे, दिवसातली एक वेळ मात्र हरवली आहे. तुमच्या पत्रातही मला तेच दिसलं.

उन्हाळ्यात तुम्ही कामावरून आल्यावर तासभर तरी उजेड असणार. मुलगा बाहेर खेळत असेल, तुम्ही दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत असाल, मुलगी मैत्रिणीला सोडायला कोपऱ्यापर्यंत जाऊन येत असेल, तिचे बाबा बाहेरच रेंगाळत असतील. त्या तासाला कुणी नाव दिलं नव्हतं. कुणी तो ठरवला नव्हता, म्हणूनच तो गेला तेव्हा कुणाला पत्ता लागला नाही. आता तुम्ही ती भर रविवारी एकदम काढायला बघताय. सहा दिवसांची भूक एका बैठकीत भागवण्यासारखं आहे ते.

हा तास जातो कसा, ते जरा सांगते, कारण ते कळल्यावर बऱ्याच आया स्वतःला दोष देणं थांबवतात. शरदात दिवस दोन्ही टोकांनी सारखा झिजत नाही. संध्याकाळ जास्त झिजते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, या दोन्हींमुळे या महिन्यांत सूर्य माथ्यावर येण्याची वेळ आपल्या घड्याळात हळूहळू अलीकडे सरकत असते. त्यामुळे सूर्योदय जितका उशिरा होत जातो, त्याहून सूर्यास्त जास्त लवकर होत जातो. वेगही ठिकाणाप्रमाणे बदलतो. दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, म्हणजे उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या आसपास, २० अक्षांशावर दिवस रोज मिनिटभराने लहान होतो. ५० अक्षांशावर तो रोज जवळजवळ चार मिनिटांनी आखडतो, म्हणजे आठवड्याला जवळपास अर्धा तास. दक्षिण गोलार्धात हेच सगळं मार्चपासून घडतं. तुमची कामावरून सुटायची वेळ मात्र जिथल्या तिथे असते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की ‘काय करायचं’ याच्या आधी ‘केव्हा’ हे ठरवा.

आता यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते कबूल करते. तुम्ही कुठे राहता ते मला माहीत नाही. आपल्या सहा ऋतूंच्या गणतीत शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि पानगळ शिशिराची. समशीतोष्ण प्रदेशात पानं रंगतात आणि गळतात ती दिवस लहान होऊ लागल्यावर, गारवा येताना. उष्ण प्रदेशातल्या पानझडी जंगलात झाडं पानं टाकतात ती मुख्यतः कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला, तेव्हा शरद कधीच संपलेला असतो. तुम्ही पानं गोळा करायला गेलात यावरून तुमच्याकडे ती गळतायत असं मी धरून चालते. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या दारातलं झाड अजून हिरवंगार असेल, तर त्यांनी पानांच्या जागी दव, धुकं, आकाश, पक्षी काहीही घ्यावं. आई-बाबांपैकी कुणाची रात्रपाळी असेल, घरात आजारी माणूस असेल, एकट्या पालकावर सगळा भार असेल, तर माझ्या सांगण्यातलं निम्मंच घ्या. तेही पुरतं.

वेळेकडे येऊ. ज्या टोकाला उजेड जास्त शिल्लक आहे ते टोक सकाळचं. बहुतेक घरांत सकाळ म्हणजे नुसती पळापळ, आणि मी तिथेच दहा मिनिटं मागते तेव्हा समोरची आई माझ्याकडे अविश्वासाने बघते. पण त्या दहा मिनिटांना कारण आहे. घरात दिवे लावून आपण बसतो तेव्हा साधारण १०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर, नीट उजाडल्यावर, आभाळ भरलेलं असलं तरी तो हजाराच्या वर असतो. लख्ख उन्हात तर लाखाच्या घरात जातो. डोळा जुळवून घेतो म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, पण शरीरातल्या घड्याळाला जाणवतो. सकाळच्या उजेडाने ते घड्याळ अलीकडे सरकतं, म्हणजे रात्री झोप वेळेवर येते. रात्रीच्या झगझगाटाने ते पलीकडे सरकतं. शरदात सकाळी आपण अंधारात उठतो, दिवसभर छताखाली असतो आणि रात्री दिव्यांखाली बसतो. घरातली चिडचिड निम्मी तिथून येते असं माझं निरीक्षण आहे. तुमच्या रविवारच्या भांडणात याचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही, पण तो असणार.

दहा मिनिटं कुठून काढायची? नवीन काही उभं करू नका. जे रोज होतंच त्याला ती जोडा. मुलाला शाळेत किंवा गाडीपर्यंत सोडायला जाताच ना? तर दहा मिनिटं आधी निघा आणि त्या वेळात कुठेही जायचं नाही असं ठरवा. निघण्याची तयारी आदल्या रात्री झाली पाहिजे, हे मात्र अटळ आहे. दप्तर, बूट, स्वेटर दाराशी. एका कुटुंबाला हे जमायला तीन आठवडे लागले. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना रोज वाटायचं की समुपदेशक बाईंनी आणखी एक काम वाढवून ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मुलगा एका सकाळी स्वतःहून दाराशी उभा राहिला, कारण आदल्या दिवशी पाहिलेलं कोळ्याचं जाळं दवाने भिजलेलं असेल का, ते त्याला बघायचं होतं. तुम्हाला हवा आहे तो आनंद असाच येतो, आणि त्यासाठी रोज त्याच वाटेने जावं लागतं. कालचं जाळं आठवत असेल तरच आजच्या जाळ्याची ओढ लागते.

इथे रविवारचं काय चुकलं तेही सांगते. त्या सहलीवर तुम्ही फार ओझं टाकलं होतं. सहा वर्षांच्या मुलाला पन्नास पावलांवर एक काठी सापडते आणि त्याच्या दृष्टीने मोहीम तिथेच फत्ते होते. तेरा वर्षांच्या मुलीला आपण लहान भावासोबत पानं वेचताना कुणाला दिसू का, ही धास्ती असते. बाबांना दुपारपर्यंत परतायचं असतं. आणि तुम्ही? तुम्ही प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत असता, मजा येतेय का म्हणून. ज्या सहलीत एक माणूस सतत बाकीच्यांची मजा मोजत असतो, तिथे मुलांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. हे तुम्हाला दुखावण्यासाठी लिहीत नाही. माझी मुलं लहान असताना मी स्वतः अशा सहली काढल्या आहेत, आणि परतीच्या वाटेवरचा तो अबोला मला आजही आठवतो.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कुटुंबांच्या दिनक्रमांवरच्या ५० वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यांनी केलेला एक भेद मला कामात फार उपयोगी पडतो. रोजचा नेम हा ‘हे करायचं आहे’ असं सांगतो. त्याच नेमाला घरच्यांच्या मनात अर्थ चिकटला की तो ‘आपण असे आहोत’ असं सांगू लागतो. हा अर्थ चिकटवता येत नाही, पुन्हापुन्हा करताना तो आपोआप चिकटतो. म्हणून मी घरांना सांगते, छोटी गोष्ट निवडा, इतकी छोटी की वाईटातल्या वाईट दिवशीही ती जमेल.

तुमच्या मुलासाठी मी एकच गोष्ट सुचवेन: एक झाड निवडा. पानं गोळा करू नका, निदान सुरुवातीला तरी नाही. रोजच्या वाटेवरचं एक झाड, त्यानेच निवडलेलं, आणि त्या झाडाला ऋतू संपेपर्यंत रोज भेटायचं. मिनिटभर. हात लावायचा, वर बघायचं, कालच्यापेक्षा काय बदललं ते एकाने सांगायचं. मी हे कितीतरी घरांना सांगितलंय आणि यातून काय निघेल ते मला दर वेळी नवं वाटतं. कुणी फांद्या मोजतं, कुणी झाडाला नाव ठेवतं, कुणाला खोडावरच्या मुंग्यांची वाट सापडते. पहिले आठ दिवस मुलं ‘काहीच नाही बदललं’ म्हणतात. म्हणू द्या. मग एक दिवस एकच फांदी पिवळी दिसते आणि मूल तुम्हाला खेचत तिथवर नेतं.

मुलगा ‘का’ विचारेल. तेव्हा त्याला खरं कारण सांगा, लहान मुलांना खरं कारण आवडतं. पान हिरवं असतं ते हरितद्रव्यामुळे. दिवस लहान झाले, गारठा वाढला की झाड हे हरितद्रव्य मोडायला लागतं आणि पानातला नत्रासारखा उपयोगी माल खोडाकडे परत ओढून घेतं. हिरवा रंग उतरला की खालचा पिवळा-नारिंगी दिसू लागतो. तो पानात आधीपासूनच होता, हिरव्याने झाकलेला. लाल आणि जांभळट रंगाचं वेगळं आहे, तो बहुतेक झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा (दहिवर गोठेल इतका नव्हे) असला की लाल अधिक खुलतो. म्हणून एकच झाड एका वर्षी पेटल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या वर्षी फिकट. देठाच्या बुडाशी झाड पेशींचा एक थर तयार करतं, तिथून पान सुटतं आणि मागे जखम उघडी राहत नाही. फांदीवर त्या जागी छोटा व्रण दिसतो. तो मुलाला बोटाने चाचपू द्या आणि त्याच्या जरा वर बघायला सांगा. तिथे पुढच्या वसंतातल्या पानाची कळी आधीच बसलेली असते, घट्ट मिटून. ती उन्हाळ्यातच तयार झालेली असते. माझ्याकडे येणारी एक सात वर्षांची मुलगी, जिची आजी त्या वर्षी गेली होती, ही कळी पाहून बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आईला विचारलं, ‘झाडाला आधीच माहीत होतं?’ तिच्या आईने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघीही गप्प झालो होतो.

पानं वेचायचीच असतील तर झाडाला भेटताना एक, फक्त एक. तारीख घालून जुन्या जाड वहीत दाबून ठेवायचं. महिन्याभराने वही उघडली की झाडाचा सगळा प्रवास पानापानावर दिसतो. ओलं पान आधी रद्दी कागदात दोन-तीन दिवस ठेवा, नाहीतर बुरशी धरतं.

आता मुलीबद्दल. तुम्ही तिच्याविषयी एकच वाक्य लिहिलंय, ‘ती खोलीतून बाहेरच येत नाही’, पण मला वाटतं तुमची खरी काळजी तिथेच आहे.

दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. पहिली शरीराची. वयात येताना झोपेचं घड्याळ खरोखरच उशिरावर जातं. रात्री तिला झोप येत नाही आणि सकाळी ती उठत नाही, यात आळस कमी आणि वय जास्त आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास. मुलीला तेवढी मिळत नसेल, तर झाड बघायला तिला सकाळी उठवू नका. त्या दहा मिनिटांच्या मोबदल्यात तुम्ही दिवसभराचा राग विकत घ्याल. शनिवार-रविवारी मात्र दुपारपर्यंत झोपू न देता थोडं लवकर उठवून उजेडात आणलंत तर सोमवारची सकाळ सोपी जाते.

दुसरी गोष्ट नात्याची. या वयाच्या मुलांना समोरासमोर बसवून ‘बोल ना माझ्याशी’ म्हटलं की ती मिटतात. शेजारी-शेजारी, हाताला काहीतरी काम, नजर दुसरीकडे, अशा वेळी ती बोलतात. एका घरात वडील आणि १४ वर्षांचा मुलगा यांच्यात वर्षभर धड संवाद नव्हता. रात्री कचरा बाहेर नेऊन ठेवायचं काम मुलाकडे होतं. मी वडिलांना एवढंच सांगितलं, तुम्ही बरोबर जा, प्रश्न विचारू नका, आणि परत येताना लगेच आत शिरू नका. अंधार होता, गारवा होता, दोघांनी खिशात हात घातलेले. पहिल्या आठवड्यात हवेबद्दल बोलणं झालं. नंतर कधीतरी मुलाने वर बघत ‘तो कुठला तारा’ म्हणून विचारलं. वडिलांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी ‘माहीत नाही’ असं सरळ सांगितलं. तो तारा दोघांनी मिळून शोधला. पुढे महिनाभराने शाळेत त्याला कोण त्रास देतं ते मुलाने सांगितलं, तेही तिथेच, अंधारात, कचऱ्याच्या डब्याजवळ. लवकर पडणारा अंधार हा एरवी आपल्याला शत्रू वाटतो. या वयाच्या मुलांसाठी तो आडोसा असतो. चेहरा दिसत नाही, म्हणून बोलता येतं.

तुमच्या मुलीसाठी मी चंद्र सुचवेन. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा उगवतो. पण शरदातल्या विषुवदिनाजवळच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाजवळच्या पौर्णिमेच्या सुमारास हा फरक बराच कमी होतो, मध्यम अक्षांशांवर तर अर्ध्या तासाच्या आसपास येतो, कारण त्या दिवसांत चंद्राचा मार्ग क्षितिजाशी कमी कोन करतो. विषुववृत्ताकडे जावं तसा हा परिणाम सौम्य होतो. याचा घरगुती अर्थ असा, की पौर्णिमेपासून लागोपाठ दोन-तीन दिवस चंद्र संध्याकाळीच, झोपायच्या कितीतरी आधी वर आलेला असतो. त्या संध्याकाळी तुम्ही एकट्या बाहेर जा. जाताना तिच्या दारावर टकटक करून एकदाच सांगा, ‘मी चंद्र बघायला चाललेय, येतेस का?’ ‘नको’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणून खरोखर जा. चेहरा पाडून नाही. आणि चंद्र मनापासून बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. नकार देऊनही आई रागावली नाही आणि तरी उद्या पुन्हा विचारतेय, हे त्या वयाला फार मोठं आश्वासन असतं. ती कधी येईल याची हमी मी देणार नाही. काही मुली तिसऱ्या दिवशी येतात, काही पुढच्या वर्षी.

संध्याकाळचंही काहीतरी करायला हवं, तीच वेळ तुम्हाला सलते आहे. आपल्याकडे तिला कातरवेळ म्हणतात, आणि मला हा शब्द अगदी अचूक वाटतो. दिवस मावळताना मन कातर होतं, लहान मुलं उगाच रडतात, मोठी माणसं उगाच चिडतात. अशा वेळी आपण काय करतो, घरात शिरताच सगळे दिवे झटक्यात लावतो, प्रत्येक जण आपापल्या मोबाइल-टीव्हीच्या पडद्याकडे वळतो. मी सांगते, आठवड्यातून एक-दोन दिवस, तुम्ही उजेड असताना घरी असाल त्या दिवशी, दिवे लावायला उशीर करा. सूर्य बुडाल्यावर बऱ्यापैकी अंधार पडेपर्यंत २० अक्षांशावर वीस-बावीस मिनिटं मिळतात, ५० अक्षांशावर अर्ध्या तासाहून थोडी जास्त. तेवढा वेळ खिडकीजवळ बसायचं. मुलगा मांडीवर, कुणी जमिनीवर, कुणी पलंगावर लोळत. बोलायलाच पाहिजे असं नाही. खोलीतल्या वस्तूंचे रंग एकेक करून जातात, लाल लवकर काळपट होतो, पांढरं शेवटपर्यंत दिसतं. मुलाला ते ओळखायला सांगा. मग एकच दिवा लावायचा, छतावरचा नाही, कोपऱ्यातला. रोज कामावरून उशिरा येत असाल तर निदान तो कोपऱ्यातला दिवा तरी ठेवा. जेवण झाल्यावर वरचे दिवे मालवून त्या एका दिव्यापाशी पंधरा मिनिटं. उजेडाचं वर्तुळ लहान असलं की माणसं त्याच्या आत सरकतात. कुणाला ‘या, जवळ बसा’ म्हणावं लागत नाही.

तुमच्याबद्दलही बोलायला हवं. पत्रभर तुम्ही घराच्या आनंदाबद्दल लिहिलंत आणि स्वतःला काय आवडतं याचा एकही शब्द नाही. शरदातलं तुम्हाला काय आवडतं, ताई? सकाळचं कोवळं ऊन, पहिल्यांदा पांघरूण अंगावर घ्यावंसं वाटतं ती रात्र, वाळक्या पानांवरून चालताना येणारा आवाज? जे असेल ते मुलांसमोर करा, त्यांना शिकवण्यासाठी नाही, तुमच्यासाठी. मुलं आईच्या सूचना विसरतात. आई कशाकडे बघून थांबली, ते विसरत नाहीत. आणि इतर घरांचे जे सुंदर फोटो तुम्ही बघता, त्या घरांतली काही कुटुंबं मला भेटलेली आहेत असं समजा. फोटोच्या आधीचं रडणं आणि नंतरचा अबोला मी ऐकलेला आहे.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. दर वर्षी याच दिवसांत तुमचं किंवा घरात कुणाचंही मन जड होत असेल, झोप फार वाढत असेल, खाण्यावरचा ताबा सुटत असेल, माणसांत नकोसं वाटत असेल, आणि असं दोन आठवड्यांहून जास्त टिकून कामावर परिणाम होत असेल, तर ती नुसती कातरवेळ नाही. ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं आणि त्यावर आज चांगले उपचार आहेत. सकाळी १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर सुमारे अर्धा तास बसणं हा त्यातला एक. पण तोही डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः कुणाला पूर्वी उन्मादाचे झटके आले असतील किंवा डोळ्यांचा आजार असेल तर. मुलगी खोलीतून बाहेर येत नाही एवढ्यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही. ती पूर्वी आवडीने करायची त्या गोष्टीही सोडून दिल्या असतील, मैत्रिणीही तुटल्या असतील, जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवत असेल, तर मात्र चंद्राची वाट न बघता तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.

तर सुरुवात अशी करा. पहिले दोन आठवडे फक्त सकाळचं झाड, तुम्ही किंवा बाबा आणि मुलगा. ते बसलं की कोपऱ्यातला दिवा. पौर्णिमेला मुलीच्या दारावर टकटक. रविवार मोकळे राहू द्या, त्यात काहीही ठरवू नका. चारपैकी एखादी गोष्ट मोडली तर मोडू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. सगळं एकाच सोमवारी सुरू करणारी घरं पुढच्या सोमवारपर्यंत थकतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

शेवटचं, ‘आता निम्मा ऋतू गेला, उशीर झाला का?’ असं तुम्ही विचारलंय. दिनदर्शिका भिंतीवर लावलेली असेल तर मुलाच्या हातात पेन्सिल द्या आणि रोज, किंवा आठवड्यातून दोनदा, सूर्य किती वाजता मावळला ते त्या चौकटीत लिहायला सांगा. ढगाळ दिवशी बाबांनी वेळ शोधून सांगायची. सगळ्यात लवकर होणारा सूर्यास्त सगळ्यात लहान दिवसाच्या आधीच येऊन जातो. उत्तरेला ५० अक्षांशावर तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, २० अक्षांशावर त्याच्याही आधी, नोव्हेंबरच्या अखेरीस. लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. म्हणजे थंडी अजून वाढत असताना, मोठ्यांच्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तुमच्या मुलाच्या आकड्यांत एक दिवस संध्याकाळ मिनिटभराने पुढे गेलेली दिसेल. त्याला ते आधी सांगू नका. तो धावत येऊन तुम्हाला सांगेल.